बंबावरची मोटार

पेट्रोल पंपावर भांडून मी घरी आलो, त्या दिवशी हे सगळं सुरू झालं. भांडण कशावरून झालं ते आता आठवत नाही. मला भांडायला कारण लागतंच असं नाही, असं बायको म्हणते, आणि चाळीस वर्षं तिनं मला सोसलंय, तेव्हा तिचं म्हणणं खरं धरायला हरकत नाही. चपला काढता काढताच मी जाहीर करून टाकलं, की आपली मोटार यापुढं पेट्रोल पिणार नाही. लाकूड खाईल.

"लाकूड?" ती तांदूळ निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मोटार हाय का म्हैस हाय?"

"म्हैस लाकूड खाती का?"

"न्हाई ना. तेच म्हणते मी."

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात बसून मी सगळ्यांचं डोकं खात होतो. सगळ्यांचं म्हणजे तिचंच, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. आम्हाला एक मुलगी होती. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. त्याला आता पंचवीस वर्षं होतील. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही, आणि आम्ही त्यावर बोलायचंही हळूहळू सोडून दिलं.

मोटार वडिलांची. गोल बॉनेटची, पांढरी, दार लावलं की अख्ख्या गल्लीला कळावं अशी. आमचं मूळ गाव शिंगणापूर. वडील या मोटारीतून नगरहून भाविकांच्या खेपा मारायचे. ते गेल्यावर मी ती नगरकडच्या कर्जतला, माझ्या घरी आणली. तिचं पासिंग संपलेलं, रंग उडालेला, पण इंजिन माझ्या हातचं, त्यामुळं ठणठणीत. भंगारवाला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा शिव्या खाऊन गेला.

लाकडावर मोटार चालते, ही काही माझ्या डोक्यातली पुडी नव्हे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडंही कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत होत्या. लाकूड किंवा कोळसा पेटवायचा, पण त्याला पोटभर हवा द्यायची नाही. मग तो नीट जळत नाही, कुढत राहतो, आणि त्यातून एक गॅस निघतो. तो गार करून, गाळून इंजिनाला दिला की इंजिन चालतं. मी डिकी कापली आणि तिथं जाड पत्र्याचं उभं पिंप बसवलं. खाली हवेचं तोंड, वर झाकण, झाकणाला गॅस सुटू नये म्हणून दोरीची गोल बैठक, आणि मधून पुढं गेलेली नळी. लोहाराच्या भात्याचा पंखा लावला की दहा मिनिटांत गॅस तयार. नळीच्या टोकाशी काडी धरायची, निळी ज्योत लागली की मोटार चालू करायची. आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबासारखं ते दिसायचं, म्हणून गल्लीनं त्याला बंबच म्हणायला सुरुवात केली. शेजारणीनं तर एकदा बायकोला विचारलं, "आंघोळीला जाता का हो मोटारीत?"

पहिल्यांदा मी बाभळीच्या ढलप्या घातल्या. गॅस आला, पण त्याबरोबर असला चिकट डांबरासारखा काळा रस आला की चार दिवसांत इंजिन जाम झालं. धूरही लई. डोळे चुरचुरायचे, शर्टाला वास राहायचा, बायको मला दारातच उभं करायची. मग मी वेड्या बाभळीचा कोळसा वापरायला लागलो. कर्जतच्या माळांवर वेड्या बाभळीला तोटा नाही आणि कोळसा पाडणारेही आहेत. कोळशानं काम फत्ते झालं. गॅस स्वच्छ, धूर नाही, वास नाही. मी इतका खूश झालो होतो, की त्या दिवशी कुणाशीही भांडलो नाही.

वास नाही, हे तेव्हा मी मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगत होतो.

आता दारांचं सांगायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे आता जगाला ठाऊक आहे. माझं लहानपण तसल्याच घरात गेलं. चौकट असायची, फळ्या नसायच्या. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावायची, झालं. चुलीचा धूर, माणसांची भांडणं, तान्ह्या पोराचं रडणं, जे काही असेल ते सरळ बाहेर. कडी लावणं हा प्रकार मी अठराव्या वर्षी नगरच्या होस्टेलवर पाहिला आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःला संडासात कोंडून घेतलं.

बायको कोपरगावची. नदीकाठचं घर, सागवानी दारं, आतून अडसर. लग्न झाल्यापासून तिचा माझ्याशी एकच तंटा, मी दारं उघडी टाकतो. "तुमच्या गावात घराला दारं न्हाईत," ती म्हणायची, "म्हणून तुमच्या तोंडाला बी न्हाई." मी हसायचो. ते मला लागायचं, पण मी हसायचो.

कर्जतच्या घरात मोटारीची खोली देवघराला चिकटून आहे. मधल्या भिंतीत वरच्या अंगाला सिमेंटची जाळी, उजेड यावा म्हणून ठेवलेली. खोलीला बायकोनं हट्टानं शटर लावून घेतलं होतं, आणि मी ते कधी खाली ओढत नव्हतो. दिवाळीनंतर एक दिवस कोळशाची दोन पोती चोरीला गेली. दोन पोती! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की ज्यानं कुणी नेली त्याला साडेसाती लागेल म्हणून मी चौकात उभा राहून ओरडलो. बायको म्हणाली, साडेसाती शिंगणापुरात लागते, कर्जतला कुलूप लागतं. मग मी कुलूप आणलं.

आणि शटर लावायला लागलो. ज्याचा जन्म दारांत गेलाय, त्याला दार किती लावायचं ते कळतं. मला कळत नव्हतं. मी शटर जमिनीला टेकवायचो, वर उंदीर नकोत म्हणून खालच्या फटीत गोणपाट कोंबायचो. थंडी पडली तशी बायकोनं घराच्या खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी मी बंबावर चक्कर मारून यायचो, खालचं हवेचं तोंड बंद करायचो, शटर ओढायचो, आणि हातपाय धुऊन चहा प्यायचो. बंब विझायला दोन-तीन तास लागतात. तोवर आत कोळसा कुढत असतो. हे मला माहीत होतं. मीच तर शिकवायचो.

मार्गशीर्षात एक दिवस, दिवेलागणीला, मी पुढच्या खोलीत चहा पीत होतो. बायको देवघरात होती. सांजवात लावून ती तिथं अर्धा-पाऊण तास जप करत बसते, दार लोटून. मला तिचा आवाज ऐकू आला. जपाचा नव्हता तो. ती कुणाशी तरी बोलत होती, अगदी हळू, समजूत काढल्यासारखं.

"पंचेचाळासे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हण ना. पंचेचाळासे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी उठलो नाही. माझ्यानं उठवलंच नाही.

आमच्या मुलीला पाढे पाठ होते, पण एकोणतीसला ती अडायची. संध्याकाळी त्याच देवघरात, हात जोडून शुभंकरोती झालं की पाढे. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे. एकोणतीस पाचे... आणि गाडी थांबली. रोज तिथंच. आई हळूच सांगायची, पंचेचाळासे, म्हणजे एकशे पंचेचाळीस. मी बाहेरून ओरडायचो.

बायको बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर लाली होती. "कुणाशी बोलत हुतीस?" मी विचारलं.

"कुणाशी न्हाई. डोकं दुखतंय. पडते जरा."

चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिचं डोकं रोज संध्याकाळी चढायला लागलं. पोळी तव्यावर विसरायची. मला भाजीत दोनदा मीठ मिळालं. पण चेहरा असा टवटवीत की शेजारीण म्हणाली, "काकू, तेज आलंय हो तुमच्यावर." दुपारी ती अंगणात पापड वाळवायला बसली की एकदम बरी असायची, पण ऊन कललं की तिचं लक्ष देवघराकडं. मला ते दिसत होतं. तिला संध्याकाळची ओढ लागली होती.

शेवटी मी चिडून विचारलंच. ओरडूनच विचारलं म्हणा ना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं.

"ती येती."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमाला कळलं न्हाई व्हय? कोपऱ्यात बसती, समईच्या मागं. मला तोंड दिसत न्हाई. पाढा म्हणती. पाचाला अडती."

मी म्हणालो, मूर्खासारखं बोलू नको. मी म्हणालो, वय झालंय, डॉक्टरकडं चल. डॉक्टरनं रक्तदाब पाहिला, झोपेची गोळी दिली. शेजारणीच्या कानावर गेलं तेव्हा तिनं आवाज खाली आणून सांगितलं, "काका, हे बाहेरचं हाय. तिन्हीसांजेला दारं-खिडक्या घट्ट लावून घेत जा आन् ऊद जाळा." बाहेरचं म्हणजे भूतबाधा, हे काय मला सांगायला पाहिजे? मी तिला हाकलून लावलं. पण बायकोनं ऐकलं. त्या दिवसापासून ती देवघराच्या दाराखालीसुद्धा फडकं लावायला लागली. तिला बाहेरचं अडवायचं नव्हतं. आलेलं आत राहावं म्हणून लावत होती, हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

आणि एका संध्याकाळी मीही ऐकलं.

मी पुढच्या खोलीत जरा लवंडलो होतो. डोकं जड होतं, कानशिलं ठणकत होती. मोटारीच्या खोलीकडून तापलेलं इंजिन गार होताना करतं तसं टक्, टक्, टक् ऐकू येत होतं. त्याच्यात कुठंतरी, त्याच लयीत, बारीक आवाज. नाकातून येणारा, कारण तिला बारा महिने सर्दी. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी डोळे उघडले तरी थांबला नाही. भीती वाटली म्हणू का? वाटली. पण त्याहून जास्त मला ते पुढं ऐकायचं होतं. चोकपर्यंत आला, आणि मला ओकारी झाली.

पौषात आम्ही शिंगणापूरला गेलो. थोरल्या भावाचं तिथं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे आणि शनी अमावास्येला त्याला हात कमी पडतात. चार दिवस राहिलो, त्या बिनदाराच्या घरात. मोटार गोठ्याच्या मोकळ्या पडवीत उभी होती आणि मी रोज भाविकांना बंब दाखवून भाव खात होतो. चारही दिवस बायकोचं डोकं दुखलं नाही. जेवली नीट, झोपली नीट, जावेशी पोटभर भांडली. तिन्हीसांजेला मात्र ती तुळशीपाशी बसून राहायची, आणि उठताना तिचा चेहरा उतरलेला असायचा.

"इथं न्हाई येत ती," ती मला म्हणाली. "चला ना घरी."

एखाद्या शिकाऊ पोरालाही इथवर कळलं असतं. तीस वर्षं फळ्यावर लिहून ज्यानं शिकवलं, त्या मास्तरला कळलं नाही. मी एवढंच म्हणालो, की गावची हवा चांगली आहे.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिरजगावच्या बाजूला कोळसा आणायला गेलो. दिवेलागणीला परतलो, शटर आतून ओढून घेतलं, फटीत गोणपाट कोंबलं, आणि बल्ब लावून पोती उतरवायला लागलो. माळ्यावर चिमण्यांच्या जोडीनं घरटं केलेलं होतं. दोन्ही चिमण्या खाली पडलेल्या होत्या, जाळीच्या भिंतीला लागून. मांजरानं खाल्लेल्या नव्हत्या. जखम नाही, काही नाही. पंख मिटून शांत पडलेल्या. मी एक उचलून हातात घेतली. हलकी, थंड.

मग मी बंबाकडं पाहिलं. झाकणाखालची दोरीची बैठक जळून चोथा झाली होती. ती बदलायची म्हणून महिनाभर मी टाळत होतो. मी काडी पेटवली आणि झाकणाच्या कडेला धरली. भप्पकन आवाज झाला आणि झाकणाभोवती निळी ज्योत गोल फिरली. बंब बंद करून वीस मिनिटं झाली होती.

त्या क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला, वर्गातला. पोरांनो, कोळसा कुढतो तेव्हा जो गॅस निघतो, तो दिसत नाही. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भलतंसलतं बघतो, ऐकतो, आणि बसल्या जागी झोपून जातो. गाल मात्र लाल राहतात. दरवर्षी मी हे सांगायचो. एकदा एका पोराला हसला म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं.

सगळं कळलं. जाळी, देवघर, दाराखालचं फडकं, तिचं तेज. शटर माझ्यापासून चार पावलांवर होतं. आता पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी शटरकडं गेलो नाही.

कारण जाळीतून पाढा सुरू झाला होता.

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. हे सगळं गॅसमुळं, माझं डोकं भ्रमलंय, हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी कान देऊन ऐकत होतो. त्रिक सत्त्याऐंशी. चोक सोळोदरसे. एकोणतीस पाचे...

आवाज थांबला. नाक ओढल्याचं ऐकू आलं.

ताप चढला त्या संध्याकाळी ती अशीच थांबली होती. मी बाहेर स्कूटर पुसत होतो. आत जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पंचेचाळासे म्हणायला काय मरण येतं का गं तुला?" आपल्याकडं पोरांना असं बोलतात. येता जाता बोलतात. कुणाच्या मनात काही नसतं. रात्री तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. बायकोनं ते शब्द ऐकले होते. पंचवीस वर्षांत तिनं त्यांचा एकदाही उच्चार केला नाही.

मी जाळीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "पंचेचाळासे." मला जमेल तितक्या हळू म्हणालो.

"एकोणतीस सक चौऱ्याहत्तरासे," आवाज म्हणाला. "एकोणतीस साते दोनशे तीन."

ती पुढं गेली होती. जन्मात कधी गेली नव्हती ती पाचाच्या पुढं. मी तिथं उभा राहून रडत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं, की पायांतला जोर गेला, मी खाली बसलो, आणि आठे ऐकायची वाट पाहायला लागलो. आणि मग कुठूनतरी डोक्यात आलं, की पाचाला रोज आई सांगते. आज मी सांगितलं. आई का बोलली नाही?

तेवढ्यावर मी उठलो. शटरपर्यंत रांगत गेलो. ते वर ढकलायला किती वेळ लागला सांगता येत नाही. वार लागल्यासारखी गार हवा तोंडावर आली आणि मी ओरडलो. तोंडाचा तेवढाच उपयोग झाला म्हणा. शेजारी धावत आला. देवघराचं दार त्यानं लाथेनं उघडलं. बायको समईसमोर कुशीवर पडली होती, गाल लाल, ओठांवर हसू. मी पाहिलेलं सगळ्यात भयंकर दृश्य ते हसू आहे.

नगरच्या दवाखान्यात तिला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरीणबाई माझ्यावर अशा बरसल्या, की आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बोललो नाही.

घरी आणल्यावर मी तिला सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून. बंब, झाकण, जाळी, देवघर. तिनं चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे ती नव्हतीच."

"नव्हती. गॅसनं डोक्याला होतं तसं."

"मग तुमाला कसं ऐकू आलं?"

"मलाही गॅस लागला होता. माझ्या डोक्यात जे होतं ते मला ऐकू आलं."

तिनं चित्रातल्या देवघरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी पाचाला मी सांगितलं न्हाई. माझी जीभच उचलंना. मला वाटलं, आता ही रडंल. पण कुणीतरी सांगितलं तिला, आन् ती पुढं गेली. साताला थांबली." तिनं माझ्याकडं पाहिलं. "दोनशे तीन."

मलाही पाढा ऐकू आला, एवढंच मी तिला सांगितलं होतं. पंचेचाळासेचं नाही, साताचंही नाही. मी कागदाची घडी करून खिशात घातली. जाळीतून माझा आवाज तिला गेला असेल. साताचा मात्र माझा नव्हता.

बंब मी उतरवला आणि भंगारवाल्याला दिला. मोटार आता अंगणात लिंबाखाली उभी असते. जाळी विटांनी बुजवली. शटर काढलं. मग सुतार बोलावून घरातली सगळी दारं काढून घेतली, पुढचं, मागचं, देवघराचं. नुसत्या चौकटी ठेवल्या. सुतार म्हणाला, "साहेब, लोक दारं बसवायला बोलावतात." मी म्हणालो, "मी शिंगणापूरचा आहे." कोपरगावची बाई, चाळीस वर्षं कड्या तपासून झोपलेली, एका शब्दानं बोलली नाही. मला तिथंच कळायला हवं होतं.

फाल्गुनात एक दिवस मी बाजारातून लवकर परतलो. ऊन उतरलं होतं. देवघराच्या चौकटीवर गोधडी टांगलेली होती, चारही बाजूंनी खिळ्यांनी ठोकलेली, खाली पाट लावून दाबलेली. मी ती ओढून फाडली. आत लोखंडी घमेल्यात निखारे, वर नवा कोळसा घातलेला, आणि समोर ती मांडी घालून बसलेली.

मी घमेलं उचललं. हात भाजले. अंगणात नेऊन पालथं केलं आणि परत आलो. माझ्या तोंडाशी आलं होतं. काय आलं होतं ते लिहीत नाही. तेच, त्याच जातीचं काहीतरी.

"पाच मिनटं," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "पाचापुरतंच ऐकते हो. मग घेते काढून."

मी चौकटीत उभा राहिलो.

"माझं सांगायचं अर्धं राह्यलंय," ती म्हणाली. "रोज सांगत हुते तिला. बाई गं, तुझा बाप तोंडाचा फाटका हाय, मनात त्याच्या तसं काय नव्हतं. तिला पटत हुतं हळूहळू. एवढं पटू द्या. मग न्हाई बसणार."

पंचवीस वर्षं मला वाटत होतं, तिनं मला माफ केलेलं नाही म्हणून ती त्यावर बोलत नाही. आणि ही बाई विष हुंगत बसून माझी बाजू मांडत होती.

भाजलेले हात मांडीवर ठेवून मी तिच्याशेजारी बसलो. बाहेरचा वारा सरळ आत येत होता, समई फडफडत होती. काय करावं सुचेना, म्हणून मी पाढा म्हणायला लागलो. एकोणतीस एके एकोणतीस. माझा आवाज मलाच ओळखू येईना. दुण्यापासून तीही म्हणायला लागली.

आता रोज म्हणतो. दिवेलागणीला, उघड्या चौकटीत, दोघं. शेजारीण पहिल्यांदा हसली, आता हसत नाही. माझी अट एवढीच आहे, की घरात निखारा राहणार नाही. तिची अट एवढीच, की सांगायचं मी. म्हणून एकोणतीस पाचे म्हटलं की आम्ही थांबतो. अंगणात लिंबाची पानं वाजतात, मोटारीच्या पत्र्यावर काहीतरी टकटकतं. आम्ही थोडा वेळ वाट पाहतो. मग मी हळूच सांगतो, पंचेचाळासे.